गाडी बघायला येऊ नये

जाहिरात टाकली रविवारी सकाळी, आणि दुपारपर्यंत शैलाताईंना पश्चात्ताप झाला. फोनने नुसता उच्छाद मांडला. जेवायला बसावं तर वाजतो, जरा डोळा लागावा तर वाजतो. बरं, उचलला तर पलीकडून काय? "गाडी आहे का?" अरे बाबा, नसती तर जाहिरात कशाला टाकली असती? आणि "आहे" म्हटलं की फोन बंद. असं करून लोकांना काय मिळतं, देव जाणे.

गाडी म्हणजे डुक्कर फियाट. ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिली त्यांनी एवढंच समजावं, की गुटगुटीत, गोलमटोल गाडी, गियर स्टिअरिंगला आणि पुढची दारं उलटी उघडणारी. सत्तावन्न सालचं मॉडेल. गंगाधररावांनी ती शहाऐंशी साली खंडाळ्याच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतली. तेव्हा ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते आणि शैलाताई लोणावळ्यात शाळेवर. घरात नीट पंखा नव्हता, पण दारात गाडी आली. आता दोघंही निवृत्त, मुलगा रुचिर बंगळूरला, आणि वलवणच्या या घरात दोन माणसं आणि पत्र्याच्या शेडखाली ती फियाट.

गंगाधररावांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं बंद झालं. गाडी उभी राहिली. लोणावळ्याच्या पावसात उभी गाडी सांभाळणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. सीटांना बुरशी, खालच्या पत्र्याला गंज, ताडपत्री उडाली की पुन्हा बांधा, उंदरांनी वायरी खाल्ल्या की पुन्हा जोडा. हे सगळं कुणी करायचं? शैलाताईंनी. गंगाधरराव खुर्चीत बसून सांगणार, "डावीकडून ताण. अगं, डावीकडून!" शेवटी एकदा ताडपत्रीचं टोक हातात धरून त्या भर पावसात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी दमले. ही गाडी तरी जाऊ दे."

"गाडी तरी" म्हणाल्या त्या. गंगाधरराव दोन दिवसांनी आपणहून म्हणाले, "टाक जाहिरात. पण नंबर माझा द्यायचा. गाडीची माहिती मला आहे, तुला नाही."

आणि इथेच घोळ होता. दोघांची पेन्शन आणि आयुष्याची सगळी शिल्लक एकाच खात्यात होती, आणि ते खातं जोडलेलं होतं याच नंबराला. म्हणजे उभं म्हातारपण गंगाधररावांच्या सदऱ्याच्या खिशात. आणि गंगाधररावांची एक खोड अशी, की हातात आलेला फोन त्यांना खाली ठेववत नाही. चुकीचा नंबर लागलेल्या माणसाचीही ते विचारपूस करतात. मागे एका बाईने कर्ज हवंय का म्हणून फोन केला, तर तिच्या मुलीची दहावी कशी गेली इथपर्यंत यांची मजल गेली होती.

म्हणून शैलाताईंनी त्यांना समोर बसवून बजावलं. "आधी गाडी बघायला यायचं. पैसे आपल्या बँकेत, आपल्या समोर. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड लागत नाही, लिंक तर मुळीच लागत नाही. पिन मागितला की समजायचं, आपल्याच खिशात हात घालतोय. आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय कुठल्या कागदावर सही नाही. कळलं?"

"मी काय पहिलीतला आहे?" गंगाधरराव म्हणाले.

पहिल्या आठवड्यात सगळे नमुने येऊन गेले. एकाने गाडीआधी आधार कार्डाचा फोटो मागितला. एकाला म्हणे गाडी इतकी आवडली, की तो सांगितल्यापेक्षा जास्त पैसे द्यायला तयार होता, फक्त वरचे पैसे त्याच्या ट्रकवाल्याला आधी पाठवायचे. शैलाताईंनी एकेकाला असं झापलं, की पलीकडच्याला शाळा आठवली असेल. संध्याकाळी त्यांचं डोकं ठणकायला लागायचं. विकायची काय ती एक गाडी, आणि त्यासाठी अख्ख्या देशातल्या लबाडांशी ओळख करून घ्यायची! कुणी सांगितलंय?

मग सुभेदार आला.

आला म्हणजे फोनवरच. सैन्यात आहे, सरहद्दीवर पोस्टिंग आहे, वडिलांची अशीच फियाट होती, फार आठवण येते, असं सगळं हिंदीतून. आवाज गोड, बोलणं अदबीचं. वाक्यावाक्याला "अंकलजी". गंगाधरराव आपल्या रेल्वेच्या हिंदीत सुरू झाले, ते थांबेचनात. पारशी म्हाताऱ्याने किल्ली देताना रडून कसा गोंधळ घातला ते सांगितलं. रुचिरच्या जन्माच्या वेळी ऐन क्रिकेटच्या तिरंगी सामन्याच्या दिवशी पुण्याला जाताना वडगावला पट्टा कसा तुटला आणि शैलाच्या ओढणीने कसं भागवलं ते सांगितलं. सुभेदार "अच्छा?" म्हणायचा, "फिर क्या हुआ अंकलजी?" म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी शैलाताईंनी बघितलं तर गंगाधररावांनी चहाच्या आधीच दाढी करून धुतलेला सदरा घातला होता. फोनवर बोलायला! आणि हसत होते. ऑपरेशननंतर हा माणूस असा हसला नव्हता. शैलाताईंना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांना राग आला, आणि कशाचा राग आला तेही त्यांना नीट कळलं नाही.

"तो गाडी बघायला कधी येतोय?" त्यांनी विचारलं.

"सरहद्दीवर आहे गं तो."

"मग त्याचा भाऊ, मेहुणा, कुणी?"

"ट्रक पाठवणार आहे थेट."

झालं. न बघता गाडी घेणारा माणूस, आणि तोही सैन्याचं नाव सांगणारा! रुचिरने पहिल्या दिवशी फोनवर याच जातीच्या चोरापासून सावध राहायला सांगितलं होतं. यांना बोलून उपयोग झाला असता तर लग्नानंतर पहिल्या वर्षातच झाला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाताईंनी गंगाधररावांच्या फोनमधलं पैशाचं ॲप काढून टाकलं, खात्याला जोडलेला फोन नंबर बदलायचा फॉर्म पुढे केला आणि म्हणाल्या, "इथे सही करा. पेन्शनचं आहे." गंगाधररावांनी केली.

मग रिक्षा, मग बाजारपेठ, मग बँक. आज सर्व्हर बंद, आज साहेब जेवायला गेलेत, आज झेरॉक्स हवी. चिक्कीच्या दुकानांसमोर पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, त्यातून पुन्हा झेरॉक्सवाल्याकडे. गुडघे बोलायला लागले. पण काम झालं. खातं शैलाताईंच्या नंबराला जोडलं गेलं. गंगाधररावांच्या फोनमध्ये आता चोराने डोकं आपटलं तरी एक पैसा हाती लागणार नव्हता. त्या घरी आल्या, पाय वर करून बसल्या, आणि शेजारच्या खोलीतून आवाज आला, "अरे सुनो तो सही, सुभेदारसाब, घाट में ब्रेक गया था ना..."

पुढच्या आठवड्यात सुभेदार कामाला लागला. त्याने तो चौकोनी कोड पाठवला. हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. शैलाताई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. गंगाधरराव म्हणत होते, "हां, हां, देखता हूं. चश्मा कहां गया..." दुसऱ्या दिवशी, "बेटा, वो बटन फिर से बताओ." तिसऱ्या दिवशी, "आज नेट नहीं है. अच्छा, कल कहां तक बताया था मैंने?"

फोनमध्ये काही नाही हे माहीत असूनही शैलाताईंना राहवलं नाही. त्यांनी बाहेर येऊन फोन हिसकावून घेतला आणि बंद केला.

"अहो, चोर आहे तो! लुटायला बसलाय तुम्हाला! कळत कसं नाही?"

"माहीत आहे," गंगाधरराव म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"चोर आहे ते. दुसऱ्याच दिवशी कळलं. मला विचारतो, डिझेल आहे का पेट्रोल. वडिलांची फियाट होती म्हणे! डुक्कर फियाटला डिझेल विचारतो मूर्ख." ते खुर्चीत सरळ बसले. "आणि तू फॉर्मवर सही घेतलीस तेव्हाच कळलं, की आता या फोनमध्ये काही राहिलं नाही. पेन्शनचा फॉर्म मी ओळखत नाही होय? म्हटलं, बरं झालं. आता निवांत बोलता येईल."

"मग बोलता कशाला त्याच्याशी?"

गंगाधररावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

"ऐकतो गं तो. पैसे मिळतील म्हणून का होईना, ऐकतो. 'पुढे काय झालं' असं विचारतो. तू शेवटचं कधी विचारलंस?"

शैलाताईंना हे लागलं. फार लागलं. चाळीस वर्षं या माणसाचं केलं. डबा, औषधं, ऑपरेशन, ताडपत्री. आणि कौतुक कुणाचं, तर चोराचं! त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं, की अहो, ती ब्रेकची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय, की तुम्ही कुठे श्वास घेणार तेही मला पाठ आहे. पण शेवटचं कधी विचारलं, ते त्यांना खरंच आठवेना. त्यांनी फोन नवऱ्याच्या हातात परत दिला आणि कणीक मळायला गेल्या. ती कणीक त्या दिवशी जरा जास्तच मळली गेली.

खरं गिऱ्हाईक त्यानंतर शनिवारी आलं. कुसगावचे अंबाजी आणि त्यांचा मुलगा अमृत. अमृत नवरदेवाच्या वरातीसाठी जुन्या गाड्या सजवून भाड्याने द्यायचा. त्याने जाहिरात बघितली, एकच फोन केला, पत्ता विचारला आणि बापाला घेऊन दारात हजर. अंबाजींनी पाणीसुद्धा नंतर घेतलं. आधी गाडीभोवती फिरले, बॉनेट उघडलं, मग धोतर सावरून सरळ खाली झोपले आणि पत्र्याला बोटाने टोचायला लागले.

"साहेब, खालचा पत्रा पार ग्येलाय की," खालून आवाज आला.

"ही गाडी म्हणजे साधी नाही," गंगाधरराव उत्साहाने काठी टेकत पुढे आले. "शहाण्णव साली, घाटात, अमृतांजन पुलाच्या अलीकडे..."

"गोष्टी मागनं आइकू साहेब. आदी ह्ये बगा. ह्ये बोट आरपार जातंय. याला दोन म्हैनं गॅरेजला लागत्याल. इंजिन कवा चालू क्येलतं?"

"पण तेव्हा ब्रेक..."

"ब्रेकचं न्हाई इच्यारत मी, इंजिनचं इच्यारतोय."

गंगाधररावांनी शैलाताईंकडे बघितलं. शैलाताईंनी शेडच्या खांबाकडे बघितलं. अमृत चांगला मुलगा होता. तो मध्येच म्हणाला, "आबा, जरा त्यांचं आइका तरी." पण अंबाजींचं लक्ष सायलेन्सरमध्ये होतं. माणूस प्रामाणिक. आपल्या कष्टाचा पैसा घालणारा. तो गाडी बघेल का गोष्ट ऐकेल? शैलाताईंना त्याची चूक काढता येईना, आणि तरी त्यांना वाटलं, दोन मिनिटं ऐकलं असतं तर याचं काय बिघडलं असतं?

सौदा तासाभरात ठरला. अंबाजींनी विसार म्हणून नोटा शैलाताईंच्या हातावर ठेवल्या आणि गाडीपुढे नारळ फोडून म्हणाले, "बाई, आता दुसऱ्या कुनाला शबुद देऊ नगा. सोमवारी ब्यांकेत यितो." सोमवारी आलेही. पैसे खात्यात जमा झालेले शैलाताईंनी काउंटरवर विचारून, पासबुकात छापून, दोनदा बघितले आणि मगच गंगाधररावांना कागदांवर सह्या करायला सांगितल्या. कसलीही फसवणूक झाली नाही. सगळं कसं व्हावं तसं झालं. दुपारी फियाट ट्रॉलीवर चढली आणि वलवणच्या वळणावरून दिसेनाशी झाली. गंगाधरराव फाटकाला धरून उभे होते. शैलाताई म्हणाल्या, "चला आत, ऊन आहे." संध्याकाळी त्यांनी जाहिरात काढून टाकली आणि कितीतरी दिवसांनी फोन गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला सुभेदाराचा फोन आला. आता गंगाधररावांनी काय करावं? माणसाने चोराला तरी थाप मारावी की नाही? पण नाही. हे म्हणाले, "सुभेदारसाब, गाडी तो बिक गयी. कल ही." पलीकडून त्या गोड आवाजातून आईबहिणीवरून अशा शिव्या आल्या, की शैलाताईंना स्वयंपाकघरात ऐकू गेल्या. बुढ्ढ्याने महिनाभर टाइम खराब केला म्हणे. फोन बंद झाला.

"खोटं कसं सांगणार गं," गंगाधरराव म्हणाले. "रोज विचारपूस करायचा."

त्यानंतर ते सकाळी दाढी करेनासे झाले. चहा यायचा, गार व्हायचा. फोन सदऱ्याच्या खिशात असायचा आणि मधूनच ते तो काढून बघायचे, चार्जिंग आहे ना, रेंज आहे ना. शेडमध्ये तेलाचा काळा डाग होता, त्याकडे बघत बसायचे. रुचिरने फोन केला तेव्हा तो म्हणाला, "बाबा, सुटलात बघा एका कटकटीतून!" आणि मीटिंग आहे म्हणून ठेवला.

एका दुपारी शैलाताईंनी मनाचा हिय्या केला. पदर खोचून समोर खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "सांगा. घाटात ब्रेक गेला तेव्हा काय झालं?"

गंगाधरराव चकित झाले. मग खुलले. सुरू झाले. धुकं होतं, पुढे केळ्यांचा ट्रक होता, मागे तू रुचिरला मांडीवर घेऊन... शैलाताई ऐकत होत्या. खरंच ऐकत होत्या. पण सकाळी पाचपासूनचं उभं अंग, दुपारची वेळ, त्यात ते शब्द न् शब्द पाठ असलेलं बोलणं. कधी मान खाली गेली ते त्यांचं त्यांना समजलं नाही. जाग आली तेव्हा खोलीत आवाज नव्हता. अंगावर गंगाधररावांची शाल होती, आणि ते काठी टेकत, पावलं न वाजवता, बाहेर जायचा प्रयत्न करत होते.

"सांगा ना, मी ऐकतेय," त्या दचकून म्हणाल्या.

"झोप तू," गंगाधरराव म्हणाले. "दमलीयेस."

ते इतक्या मायेने म्हणाले, की शैलाताईंना रडू फुटलं. तिथेच, खुर्चीत बसून, त्या शालीत तोंड खुपसून रडल्या. आपल्याला या माणसासाठी सगळं करता येतं, फक्त हे एक करता येत नाही. अंगात तेवढं बळ उरलेलं नाही. हे कबूल करायला त्यांना फार जड गेलं.

रात्रीचं जेवण झालं, भांडी झाली. सकाळी उठल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते हे. चष्मा लावून आपला फोन घेतला आणि जाहिरात पुन्हा टाकली. तोच फोटो. तीच फियाट. नंबर गंगाधररावांचा. पण यात एखाद्या अमृतसारख्या भल्या माणसाची खेप वाया जायला नको. त्या थोडा वेळ विचार करत बसल्या आणि खाली एक ओळ घातली. "गाडी बघायला येऊ नये. सर्व व्यवहार फक्त फोनवर." पुन्हा वाचून बघितली. खरं गिऱ्हाईक हे वाचून म्हणेल, इथे काहीतरी लबाडी दिसते, आणि पुढे जाईल. राहतील ते चोर. ज्या बाईने उभी नोकरी पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगण्यात घालवली, तिने बटण दाबलं.

चहा उकळत होता तेव्हा बाहेर फोन वाजला. गंगाधररावांनी खिशातून काढला, कानाला लावला, आणि त्यांचा चेहरा गोंधळला. फोनवर हात ठेवून त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या शैलाताईंना हळू आवाजात विचारलं, "अगं, गाडी आहे का विचारतोय. कुठल्याशा बंदरावरून. कस्टममध्ये आहे म्हणतो. काय सांगू?"

शैलाताईंनी एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. दाढी वाढलेली, सदरा कालचाच.

"आहे म्हणा," त्या म्हणाल्या.

गंगाधरराव त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना सगळं कळलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"हां जी," ते फोनवर म्हणाले. "गाडी है ना. आपके पास टाइम है?"

शैलाताईंनी गॅस बंद केला. गंगाधररावांचा चहा त्यांच्या हाताशी ठेवला, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून आडव्या झाल्या.